तारा काढल्यावर फट पुन्हा का उघडते? जिभेची सवय आणि ब्रेसेस यांची सांगड

प्रश्न असा आहे: दहा वर्षांची मुलगी आहे. मागचे दात मिटले तरी समोरचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत, मधे फट राहते. झोपेत तोंड उघडं असतं. ऑर्थोडॉन्टिस्टनी, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी, आधी टाळू रुंद करायला आणि नंतर ब्रेसेस लावायला सांगितलं आहे. शिवाय मायोफंक्शनल थेरपीसाठी, म्हणजे जीभ, ओठ आणि गालांच्या स्नायूंच्या व्यायामांसाठी, वेगळ्या थेरपिस्टकडे पाठवलं आहे. पालक विचारतात की दोन्ही खरंच लागतं का? नुसत्या व्यायामांनी काम होणार नाही का? आणि आधी काय करायचं?

नुसत्या व्यायामांनी वाकडे दात सरळ होत नाहीत. आणि जिभेची बसण्याची जागा न बदलता नुसत्या तारांनी मिटवलेली फट फार वेळा पुन्हा उघडते. तुमच्या मुलीसाठी मी दोन्ही करीन, पण दोन्ही एकाच दिवशी सुरू करणार नाही. त्याचं कारण सांगायला जरा जागा घेतो, कारण या विषयात प्रत्येक बाजू आपलंच उत्तर पुरेसं असल्यासारखी बोलते आणि मधल्या मधे पालक गोंधळतात.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचा एक पातळ थर असतो आणि त्या थरातून तो हाडाला लटकलेला असतो. आतून जीभ, बाहेरून ओठ आणि गाल, समोरून विरुद्ध जबड्याचा दात, अशा सगळ्या बाजूंचे दाब जिथे जुळतात तिथे दात थांबतो. १९६३ मध्ये वाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार सोप्या पद्धतीनं दाखवलं. दाताच्या एका बाजूला सोन्याचं आवरण चढवून त्यांनी त्या बाजूची जाडी थोडी वाढवली. त्यामुळे गालाचा दाब अगदी किंचित, काही ग्रॅमच वाढला. तेवढ्यानं दात सरकला. ब्रेसेसची तार नाही, स्प्रिंग नाही, फक्त गाल.

इथेच बहुतेक लोकांची, आणि खरं सांगायचं तर माझ्या पिढीतल्या अनेक डॉक्टरांचीही, एक समजूत चुकते. आपल्याला वाटतं की मूल गिळताना जीभ पुढे ढकलतं, त्या धक्क्यानं दात पुढे जातात. हिशेब करून बघा. माणूस दिवसभरात साधारण ८०० ते १००० वेळा गिळतो. प्रत्येक वेळी जिभेचा दाब एखादा सेकंद असतो. म्हणजे चोवीस तासांत सगळा मिळून तेरा ते सतरा मिनिटं. दात हलायला मात्र दाब रोज कित्येक तास टिकावा लागतो. प्रत्यक्ष उपचारात आम्ही किमान सहा तास धरून चालतो. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ च्या आपल्या लेखात हाच मुद्दा मांडला: दाब किती जोराचा यापेक्षा तो किती वेळ टिकतो हे महत्त्वाचं. गिळताना बसणारा जोराचा धक्का दाताला फारसा हलवत नाही. उरलेले तेवीस तास जीभ नुसती कुठे पडून असते, ते दाताला हलवतं.

म्हणून 'माझी मुलगी चुकीचं गिळते' असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, गिळत नसताना तिची जीभ कुठे असते?

असायला हवी ती जागा अशी: तोंड मिटलेलं, ओठांना ताण नाही, श्वास नाकातून. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची मोकळीक. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागे, जिथे टाळूवर खरखरीत वळ्या लागतात तिथे, पण दातांना न टेकता. आणि जिभेचा मधला भाग टाळूला हलकेच लागलेला. वाचता वाचता स्वतःचीच जीभ तपासून बघा. ज्यांची जीभ खाली पडलेली असते किंवा दातांच्या फटीत विसावलेली असते, त्यांना ते कधी जाणवलेलंही नसतं.

सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. चौदा वर्षांचा मुलगा, समोर चार मिलिमीटरची फट. मी ब्रेसेस लावल्या, रबर लावले, दोन वर्षांत फट छान मिटली. फोटो इतके सुंदर आले की ते मी विद्यार्थ्यांना दाखवत असे. मिळालेली जागा टिकवून धरणारं उपकरण, म्हणजे रिटेनर, दिला. वर्षभरानं तो आला तेव्हा अडीच मिलिमीटर फट परत उघडली होती. रिटेनर घातला नसेल म्हणून मी त्याला रागावलो. तो शांतपणे म्हणाला, रोज घालतो. मी त्याला तपासलं तेव्हा त्याच्या जिभेच्या दोन्ही कडांवर दातांचे ठसे होते आणि टोक फटीत आरामात बसलेलं होतं. दोन वर्षांत मी त्याच्या तोंडात पंचवीसेक वेळा डोकावलो होतो. प्रत्येक वेळी 'आ कर' म्हणालो होतो. तोंड मिटल्यावर आत काय होतं, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. चूक माझी होती, आणि रागावणं मी त्या मुलाला ऐकवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण या गोष्टीतून 'जिभेमुळेच सगळं होतं' असा निष्कर्ष काढू नका. उलटही घडतं, आणि पुष्कळदा घडतं. समोर फट असेल तर गिळताना तोंड सील करायला जीभ त्या फटीत जाणारच. नाहीतर घोट बाहेर येईल. म्हणजे जीभ पुढे येणं हे कित्येकदा फटीचं कारण नसून परिणाम असतं. सहा ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये दुधाचे दात पडून नवे येत असतात, तेव्हा अशी फट आणि असं गिळणं दोन्ही तात्पुरतं असतं. बहुतेकांचं आपोआप सुधारतं. लहान बाळाची गिळण्याची पद्धत जाऊन मोठ्यांची पद्धत यायला चार-पाच वर्षांनंतरचा काळ लागतो, काहींना त्याहून जास्त. सहा वर्षांच्या मुलाला 'टंग थ्रस्ट', म्हणजे जीभ पुढे ढकलण्याची सवय, आहे असं लेबल लावून लगेच वर्षभराची थेरपी सुरू करणं मला पटत नाही. नवे पुढचे दात पूर्ण आल्यावरही जीभ आरामाच्या वेळी खाली किंवा पुढेच राहत असेल, तर मात्र मी लक्ष घालतो. तुमची मुलगी दहा वर्षांची आहे. तिच्या बाबतीत 'बघू, आपोआप जाईल' हे वय सरलेलं आहे.

स्नायूंचे व्यायाम आणि दातांचे उपचार यांची जोडी नवीन नाही. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट आल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ मध्येच स्नायूंना वळण लावणं हा दातांच्या उपचाराचा भाग मानावा असं लिहिलं होतं. पुढे साठच्या दशकात जीभ ढकलण्याच्या सवयीवर व्यायामांची लाटच आली, मोठमोठे दावे झाले. सत्तरच्या दशकात संशोधकांनी पुरावे मागितले तेव्हा ते तुटपुंजे निघाले आणि ही पद्धत बरीच बाजूला पडली. माझ्या मते त्या लाटेची मूळ चूक हीच होती की सगळं लक्ष गिळण्यावर होतं. आज चांगले थेरपिस्ट गिळणं शिकवतात, पण त्यांचा खरा भर जीभ, ओठ आणि जबडा आरामात कसे राहतात यावर असतो. तुम्ही ज्यांच्याकडे जाणार त्यांना हेच विचारा. उत्तरात फक्त 'गिळण्याचे व्यायाम' आले तर आणखी प्रश्न विचारा.

आता क्रम. यात सगळ्यांत आधी येतं नाक, आणि तेच सर्वांत जास्त वेळा वगळलं जातं.

तोंडानं श्वास घ्यायचा तर जीभ खाली ठेवावी लागते, दुसरा मार्गच नाही. जीभ टाळूला लावून तोंडानं श्वास घेऊन बघा, जमत नाही. त्यामुळे ज्या मुलाचं नाक बंद आहे त्याला 'जीभ वर ठेव, ओठ मिट' असं सांगणं म्हणजे श्वास बंद कर असं सांगण्यासारखं आहे. ते मूल व्यायामाच्या दहा मिनिटांत सांगितलं ते करील, आणि उरलेला दिवस शरीर स्वतःला वाचवील. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट एडवर्ड अँगल यांनी १९०७ च्या आपल्या पुस्तकात तोंडानं श्वास घेणं हे दात बिघडण्याचं एक मोठं कारण म्हणून नोंदवलं होतं. पुढे हार्वोल्ड या संशोधकांनी माकडांच्या नाकपुड्या बंद करून प्रयोग केले. त्यातली फार बोलकी गोष्ट अशी की सगळ्या माकडांचे दात एकसारखे बिघडले नाहीत. काहींनी जबडा सतत खाली ठेवला, काहींनी जीभ पुढे काढली, काहींनी श्वासापुरतं तोंड उघडून पुन्हा मिटायची लकब लावून घेतली. ज्यानं जशी लकब घेतली तसे त्याचे दात झाले. हवेमुळे काही बिघडलं नव्हतं, हवेसाठी स्नायूंनी जी नवी बैठक पकडली तिच्यामुळे बिघडलं होतं.

म्हणून तुमच्या मुलीला पहिल्यांदा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) वाढलेले आहेत का, टॉन्सिल किती मोठे आहेत, नाकात सतत अ‍ॅलर्जीची सूज असते का, नाकाचा पडदा वाकडा आहे का. झोपेत घोरणं, मधेच श्वास थांबल्यासारखा वाटणं, घाम, रात्री उठणं, सकाळी चिडचिड यांपैकी काही असेल तर ते त्यांना नक्की सांगा, कारण मग झोपेची तपासणी दातांच्या आधी येते. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. अ‍ॅडेनॉइडची शस्त्रक्रिया झाली, नाक मोकळं झालं, तरी कित्येक मुलं तोंड उघडंच ठेवतात. अडथळा गेला तरी सवय राहते. थेरपीची सर्वांत उपयोगी वेळ ही असते: नाक मोकळं आहे पण मूल ते वापरत नाही.

नाकानंतर येते जागा. तुमच्या डॉक्टरांनी टाळू रुंद करायला सांगितली आहे याचा अर्थ मुलीचा वरचा जबडा अरुंद असणार, कदाचित मागच्या बाजूला वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील. अरुंद, उंच टाळूच्या तोंडात जीभ वर बसतच नाही, तिथे तिच्या रुंदीची जागा नसते. अशा मुलाला सहा महिने जीभ वर ठेवण्याचे व्यायाम करायला लावले आणि जमलं नाही, तर मूल आळशी ठरतं. मी अशी मुलं पाहिली आहेत. दोष त्यांचा नव्हता, क्रम उलटा लागला होता. वरच्या जबड्याच्या मधोमध हाडाची एक शिवण असते. लहानपणी ती सहज उलगडते, किशोरवयात हळूहळू घट्ट होते. टाळू रुंद करणाऱ्या उपकरणाला एक्स्पान्डर म्हणतात. त्यातला स्क्रू चावीनं फिरवला की साधारणपणे दर पाव फेऱ्याला पाव मिलिमीटर उघडतो. काही आठवड्यांत पुरेशी रुंदी मिळते, मग शिवणीत नवं हाड भरेपर्यंत तो काही महिने तसाच ठेवायचा. दहा वर्षांचं वय याला चांगलं आहे.

एक्स्पान्डर बसल्यावर पहिले दोन-तीन आठवडे मी व्यायाम थांबवतो. टाळूवर मधोमध धातूचं उपकरण असतं, बोलणं बदलतं, लाळ सुटते. त्या काळात जीभ वर लावायला सांगणं मुलाला छळण्यासारखं आहे. थेरपिस्ट त्या काळात ओठ मिटणं आणि नाकानं श्वास घेणं एवढंच घेतात. एक्स्पान्डर निघाला की टाळू रुंद आणि मोकळी होते, तेव्हा जिभेचा खरा अभ्यास सुरू करायचा. हा हस्तांतराचा क्षण वाया गेला की पुढचं सगळं अवघड होतं. रुंद केलेली टाळू आतून जिभेनं धरून ठेवायची असते. जीभ खालीच राहिली तर बाहेरून गालांचा दाब चालूच असतो, आणि आतून त्याला तोलणारं काही नसतं. म्हणून एक्स्पान्डर काढायची तारीख मी थेरपिस्टला महिनाभर आधी कळवतो. तुमचे दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलत नसतील, तर हे काम तुम्ही करा: एकीकडची तारीख दुसरीकडे सांगा.

थेरपी म्हणजे नक्की काय करतात, याची भीती पुष्कळांना असते. त्यात सुया नाहीत, यंत्रं नाहीत. रोज दोनदा दहा-पंधरा मिनिटं, सुरुवातीला दर आठवड्याला भेट, नंतर अंतर वाढत जातं. साधारण सहा महिने ते वर्ष. आधी जिभेला तिची जागा ओळखायला शिकवतात. टोक वळ्यांवर ठेवायचं, संपूर्ण जीभ टाळूला चोखून चिकटवायची आणि मग 'टॉक' असा आवाज करत सोडायची. पुढे ती चिकटलेली ठेवून तोंड उघडायचं, म्हणजे जिभेखालचा भाग ताणला जातो. ओठांसाठी दोऱ्यात ओवलेलं मोठं बटण ओठ आणि दातांच्या मधे धरून बाहेरून हलकेच ओढतात. ओठांनी ते निसटू द्यायचं नाही. ब्रेसेस असताना मी हा व्यायाम टाळायला सांगतो, ओठाला आतून जखमा होतात. मग येतं पाण्याचा घोट जीभ वर ठेवून, ओठ न आवळता गिळणं. गिळताना हनुवटीवर खळ्या-सुरकुत्या उमटत असतील तर ओठ अजून जीभेचं काम करत आहेत असं समजायचं. जिभेच्या टोकावर ब्रेसेसचा बारीक रबर ठेवून तो टाळूला धरून ठेवायचा व्यायामही करतात, आधी मिनिटभर, मग वाढवत अर्धा तास. हा मूल जागं असताना आणि मोठं माणूस जवळ असतानाच करायचा. झोपताना तर अजिबात नाही.

हे सगळं शिकणं सोपं असतं. दोन महिन्यांत बहुतेक मुलं आरशासमोर सुंदर करून दाखवतात. आणि इथेच बरेच पालक थांबतात. पण जिभेनं समजून केलेली हालचाल म्हणजे सवय नव्हे. टीव्ही बघताना, गणित सोडवताना, भांडताना, झोपताना जीभ कुठे आहे, हा शेवटचा टप्पा असतो आणि तोच सर्वांत लांब चालतो. या काळात भेटी कमी असतात, काहीच होत नाही असं वाटतं, फी व्यर्थ जाते असंही वाटतं. पण बदल टिकणार की नाही, ते नेमकं याच महिन्यांत ठरतं. मुलीच्या पुस्तकाला, वहीला, आरशाला एक छोटा रंगीत ठिपका चिकटवा. तो दिसला की ओठ मिटले आहेत का, जीभ वर आहे का, एवढंच तिनं तपासायचं. तुम्ही मागे लागून 'तोंड मीट' म्हणत राहू नका. त्यानं मूल तोंड मिटायचं नाही, तुम्हाला टाळायला शिकतं.

ब्रेसेसचं काम वेगळं आहे आणि ते दुसऱ्या कशानं होत नाही. दात फिरवणं, खाली-वर करणं, मुळांचा कोन बदलणं, वरच्या-खालच्या दातांचं कुलूप बसवणं, यासाठी ठरावीक दिशेचा, सतत चालू राहणारा दाब लागतो. जिभेचे व्यायाम तसा दाब देऊ शकत नाहीत. उलट ब्रेसेसनी पुढे आलेले दात मागे गेले की ओठ सहज मिटायला लागतात. खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे अडकण्याची सवय तर कित्येकदा आपोआप सुटते, कारण आता तिथे जागाच नसते. म्हणजे थेरपी ब्रेसेसना मदत करते तशी ब्रेसेसही थेरपीला मदत करतात. फ्रेंकेल या जर्मन ऑर्थोडॉन्टिस्टनी जबडा सुधारण्याचं आपलं उपकरण बनवलं तेव्हाही ते घालून दिवसभर ओठ मिटून ठेवण्याचा अभ्यास हा उपचाराचा भागच धरला होता.

जीभ फटीत येऊ नये म्हणून वरच्या दातांच्या मागे तारेची जाळी बसवतात, तिला टंग क्रिब म्हणतात. ती वापरावी का, असं पालक हमखास विचारतात. मी वापरतो, पण भिंत म्हणून नाही, आठवण म्हणून. जाळीनं जीभ मागे राहते, पण ती वर जायला शिकत नाही. खालीच मागे पडून राहू शकते. म्हणून जाळी असताना थेरपी चालू हवीच. अंगठा चोखण्याची सवय असेल तर ती आधी सुटायला हवी, अंगठा तोंडात असताना जीभ वर जाऊच शकत नाही. पारदर्शक अलाइनरमध्ये, म्हणजे दातांवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या साच्यांमध्ये, व्यायाम तुलनेनं सोपे जातात, कारण ते काढता येतात आणि टाळू मोकळी असते. मऊ सिलिकॉनचे तयार मिळणारे ट्रेनर रात्री ओठ मिटायला थोडे मदत करतात, पण तेच ब्रेसेसची जागा घेतील असं कोणी सांगत असेल तर मी सावध करीन.

आता तारा काढल्यानंतरचा काळ, ज्यात माझा तो चौदा वर्षांचा रुग्ण हरला होता. दात हलवल्यावर मुळाभोवतीचे तंतू नव्या जागी जुळायला तीन-चार महिने लागतात, हिरड्यांतले लवचीक तंतू तर वर्षभर किंवा जास्त काळ ताणलेलेच राहतात. त्या वर्षात दाताला जुन्या जागी ओढायला थोडंसं काहीही पुरतं. त्यात जिभेची जुनी जागा जोडली की फट उघडते. २०१० मध्ये स्मिथपीटर आणि कोव्हेल यांनी फट असलेल्या रुग्णांचे दोन गट तुलनेला घेतले. ब्रेसेससोबत थेरपी घेतलेल्या गटात फट सरासरी ०.५ मिलिमीटर परत उघडली, नुसत्या ब्रेसेसच्या गटात ३.४ मिलिमीटर. हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटलेला नव्हता आणि गटही लहान होते, त्यामुळे त्यावरून हमी देता येत नाही. पण माझ्या खुर्चीतला अनुभव त्याच दिशेचा आहे. टाळूवर बसणाऱ्या रिटेनरमध्ये जिभेचं टोक जिथे यावं तिथे मी एक छोटं भोक ठेवतो. जिभेला ते सारखं जाणवतं आणि ती तिथे जाते. साधी गोष्ट आहे, पण मुलांना आवडते.

सगळ्यांनाच थेरपी लागते असं मात्र नाही. दातांत नुसती गर्दी आहे, जीभ-ओठ नीट आहेत, नाकानं श्वास चालतो, अशा मुलांना मी कधीच पाठवत नाही. पुढचा चेहरा खूप लांब आहे, जबड्याची वाढच खाली-मागे फिरलेली आहे, अशा वेळी फट हाडाची असते. तिथे थेरपी सोबत असू शकते, पण प्रौढ वयात हाडात बसवायचे छोटे स्क्रू किंवा जबड्याची शस्त्रक्रिया हाच मुख्य मार्ग राहतो. व्यायामांनी हाड बदलेल असं सांगून कोणी दोन वर्षं घालवायला लावत असेल तर ते चुकीचं आहे. जिभेखालची दोरी आखूड असेल आणि जीभ खरोखर वर पोहोचतच नसेल, तर ती सोडवण्याचा विचार करावा, पण त्याआधी आणि नंतर व्यायाम हवेतच. नुसती दोरी कापली म्हणून जीभ नवी जागा शिकत नाही.

झोपेबद्दल एवढंच सांगतो. २०१५ मध्ये कमाचो आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा व्यायामांनी झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाण प्रौढांत साधारण ५० टक्के आणि मुलांत ६२ टक्के कमी झालेलं दिसलं. आशादायक आहे, पण ते झोपतज्ज्ञांच्या उपचारांसोबतचं साधन आहे, त्यांच्याऐवजी नाही. मुलीच्या तोंडाला रात्री पट्टी चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, विशेषतः नाक तपासलेलं नसताना. आणि समाजमाध्यमांवर 'म्युइंग' म्हणून जीभ टाळूवर दिवसभर जोरानं दाबायला सांगतात, ते थेरपी नव्हे. आरामात ठेवलेली जीभ आणि जोरानं दाबलेली जीभ यांत फार फरक आहे. जोर लावणाऱ्या तरुणांचे दुखरे जबडे आणि घासलेले दात माझ्याकडे येतात.

तर तुमच्या मुलीसाठी मी असं करीन. येत्या महिन्यात नाक-घसा तपासणी आणि गरज असेल तर त्याचे उपचार. त्याच काळात थेरपिस्टकडे एक-दोन भेटी, फक्त तपासणीसाठी आणि नाकानं श्वास, ओठ मिटणं एवढं सुरू करण्यासाठी. मग एक्स्पान्डर, तो निघताच जिभेचा पूर्ण अभ्यास. तिचे कायमचे दात बहुतेक आले की, बहुधा बारा-तेराव्या वर्षी, ब्रेसेस. तोपर्यंत जिभेनं वर राहायची सवय लावून घेतली असेल तर फट थोडी आधीच कमी झालेली दिसू शकते आणि ब्रेसेसचं काम हलकं होऊ शकतं. जिभेनं सवय लावलीच नसेल, तर मी ब्रेसेस थोड्या उशिरा लावीन, घाई करणार नाही. ब्रेसेसच्या मधल्या काळात दर दोन-तीन महिन्यांनी थेरपिस्टची एक भेट, आणि तारा काढायच्या आधी एक सविस्तर तपासणी: तिला न सांगता, ती दुसऱ्याच कशात रमलेली असताना, ओठ मिटलेले आहेत का, जीभ कुठे आहे. ते नीट नसेल तर दात कितीही सुंदर दिसत असले तरी मी तारा ठेवतो.

दर महिन्याला तुम्ही एक काम करा. मुलगी वाचत बसली असताना किंवा झोपलेली असताना तिच्या चेहऱ्याचा एक फोटो काढा, तिला पोज द्यायला न लावता, आणि तारीख टाकून ठेवा. माझ्या तपासणीच्या पाच मिनिटांत ती जागरूक असते, डॉक्टरसमोर नीट बसते. ते फोटो मला खरं सांगतात.